निकितिनचा घोडा आणि निकितिनची वही

एखाद्या प्रवाशाचे पुस्तक हाती येते तेव्हा त्याच्याविषयीची एक गोष्ट आपल्याला पहिले पान उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. ती म्हणजे तो सुखरूप घरी परतला. परतल्यावर स्वस्थपणे बसून, फजितीच्या प्रसंगांना थोडी कल्हई लावून त्याने ते लिहून काढलेले असते. त्यामुळे प्रवासवर्णनातील संकटे आपण काहीशा निश्चिंतपणे वाचतो. पंधराव्या शतकातील अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची वही मात्र अशी निश्चिंतपणे वाचता येत नाही. तो घरी पोचण्यापूर्वीच वाटेत वारला. वही पोचली, माणूस पोचला नाही.

हा निकितिन आपल्या मुलखात येऊन गेला. चौल, पाली, जुन्नर, दाभोळ ही आपल्या रोजच्या ओळखीची नावे त्याच्या वहीत आहेत. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक वासिली प्रोनिन या दोघांनी मिळून त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. त्यात नर्गिस होती, गाणी होती आणि रीतीप्रमाणे प्रेमकथाही होती. खऱ्या वहीत मात्र नायिका नाही. तिच्या जागी एक घोडा आहे, आणि त्या घोड्यापायी नायकाला जो मनस्ताप झाला तो कोणत्याही प्रेमकथेला पुरून उरेल असा आहे.

‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने ही वही ओळखली जाते. तिच्यातील गमती आणि निराशा यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू. दुसरा हेतू थोडा अभ्यासाचा आहे. परक्या प्रवाशाने आपल्याविषयी लिहिलेले वाचताना त्यातले काय खरे मानायचे आणि काय बाजूला ठेवायचे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला नेहमी पडतो. निकितिनची वही या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार सोयीची आहे, असे मला वाटते.

सुरुवातच लुटीने

निकितिन हा व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी. निकितिन हे त्याचे आडनाव नव्हे. त्याचा अर्थ ‘निकिताचा मुलगा’ एवढाच. त्याच्या प्रवासाचा काळ पूर्वी १४६६ ते १४७२ असा मानला जाई. पुढे काही अभ्यासकांनी तो १४६८ ते १४७५ असा ठरवला. हिंदुस्थान पाहणारा तो पहिला युरोपीय, असे कधीकधी लिहिले जाते ते बरोबर नाही. व्हेनिसचा निकोलो काँती त्याच्या आधी येऊन गेला होता. परंतु वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरण्यापूर्वी पाव शतक निकितिन चौलच्या बंदरात उभा होता, हे खरे आहे.

तो निघाला तेव्हा हिंदुस्थानात येण्याचा त्याचा विचार नव्हता. कॅस्पियन समुद्राकाठच्या शिरवान राज्यात माल विकावा आणि परत यावे, इतकाच साधा बेत होता. मॉस्कोचा एक वकील तिकडे निघाला होता. त्याच्या सोबतीने जावे म्हणून निकितिन निघाला, पण वकील आधीच पुढे निघून गेला होता. मग निझ्नी नोवगोरोदला दोन आठवडे थांबून त्याने शिरवानच्या परतणाऱ्या वकिलाची सोबत धरली. या वकिलाजवळ मॉस्कोच्या राजाने दिलेले नव्वद शिकारी ससाणे होते. नव्वद ससाण्यांच्या संगतीने निघालेली स्वारी शुभशकुनी ठरायला हवी होती. तशी ती ठरली नाही.

अस्त्रखानजवळ तीन तातार भेटले. पुढे सुलतान तीन हजार लोकांनिशी दबा धरून बसला आहे, अशी बातमी त्यांनी दिली. वकिलाने त्यांना एकेक अंगरखा आणि कापड दिले आणि गुपचूप पलीकडे नेऊन सोडण्याची विनंती केली. तातारांनी कापड घेतले आणि सुलतानालाही वर्दी दिली. म्हणजे एकाच बातमीचे पैसे त्यांनी दोन्हीकडून वसूल केले. चांदण्या रात्री पाठलाग झाला, बाण सुटले, लहान जहाज मासेमारीच्या कुंपणाला अडकले आणि लुटले गेले. निकितिनचा सारा माल त्या लहान जहाजावर होता. स्वतः तो मोठ्यावर होता. पुढे समुद्रात वादळ झाले, एक जहाज किनाऱ्यावर फुटले आणि त्यातले लोक कैद झाले. ते पुढे सुटले, पण माल परत मिळाला नाही. शिरवानच्या राजाकडे सर्वांनी मिळून परतीच्या खर्चासाठी याचना केली. तुम्ही फार जण आहात, म्हणून त्याने काहीच दिले नाही. आणि ज्या वकिलाची सोबत हुकल्यामुळे हा सारा प्रकार घडला, तो दर्बंदला सुखरूप पोचून यांची वाट पाहत होता!

येथे वहीतले एक मार्मिक स्थळ आहे. निकितिन सांगतो की सगळे रडले आणि पांगले. ज्यांचे रशियात काही होते ते रशियाकडे गेले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले. आपण कोणत्या गटात होतो हे तो लिहीत नाही. पण तो बाकूला गेला आणि तेथून समुद्र ओलांडून इराणात उतरला. जिज्ञासेपोटी नव्हे, तर सावकाराला तोंड दाखवता येईना म्हणून हा माणूस जग पाहायला निघाला असावा. आपल्याकडेही कर्जापायी गाव सोडून मुंबई गाठणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. निकितिनची मुंबई थोडी लांब निघाली इतकेच.

घोड्याचा हिशेब

इराणात त्याने गावोगाव मुक्काम करीत बराच काळ काढला. कोठे महिना, कोठे सहा महिने. गुरांना खजूर चारतात असा एक मुलूख त्याने पाहिला आणि रशियन माणसाच्या आश्चर्याने तो टिपून ठेवला. शेवटी तो होर्मुझला आला. येथले ऊन माणसाला भाजून काढते आणि मालाचा दहावा हिस्सा जकातीत जातो, अशी दोन्ही दाहांची नोंद त्याने एकत्रच केली आहे.

होर्मुझला त्याने घोडा घेतला. हा निर्णय वेडेपणाचा नव्हता. दख्खनच्या हवेत चांगले घोडे पैदा होत नसत, आणि बहमनी व विजयनगर या दोन्ही राज्यांना लढाईसाठी ते सतत लागत. म्हणून अरबस्तान आणि इराणचे घोडे होर्मुझहून चौल, दाभोळ अशा बंदरांत येत आणि मोठ्या किमतीला जात. होर्मुझला बसलेल्या व्यापाऱ्यांनी त्याला आणखी एक आशा दाखवली होती. हिंदुस्थानात तुमच्या देशाला लागणारा माल पाहिजे तेवढा मिळेल, असे त्यांनी सांगितले होते. म्हणजे जाताना घोडा न्यायचा, येताना माल आणायचा, आणि त्वेरला जाऊन देणे फेडायचे. कागदावर हिशेब अगदी बिनचूक होता. घोडा जुन्नरला सुखरूप आणून पोचवेपर्यंत त्याला शंभर रुबल लागले.

चौलचा देखावा

सहा आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर तो चौलला उतरला आणि पाहतच राहिला. सारे लोक उघडे! डोक्यावर काही नाही, छाती उघडी, केसांची एक वेणी. राजा म्हणावा तर त्याच्याही डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. बर्फाच्या देशातून आलेल्या या गृहस्थाला कोकणातला उन्हाळ्याचा पोशाख म्हणजे पोशाखाचा अभाव वाटला, यात नवल नाही. कमरेच्या वस्त्राचा उल्लेख तो करतो, पण ते अंगभर नाही म्हणून हिशेबात धरत नाही.

परंतु पुढेच त्याने एक प्रामाणिक नोंद केली आहे. मी जाईन तेथे माझ्यामागे लोकांचा घोळका येतो आणि गोऱ्या माणसाचे नवल करतो, असे तो सांगतो. म्हणजे तो चौलकरांकडे पाहत होता आणि चौलकर त्याच्याकडे. त्या कडक उन्हात हा माणूस इतके कपडे घालून का फिरतो, असे घोळक्यातल्या एखाद्या पोराने विचारले असेलच. त्या पोराला वही ठेवता आली असती तर आपल्याला या भेटीची दुसरी बाजू कळली असती. प्रवासवर्णने वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहणे दोन्हीकडून होते, लिहिणे मात्र एकाच बाजूने होते.

चौलहून पालीला आठ दिवस, तेथून उमरीला दहा दिवस आणि पुढे जुन्नरला सहा दिवस, अशी त्याची वाट. एकूण चोवीस दिवस. आज एस.टी.ने हे अंतर एका दिवसात होते. पण त्याच्याजवळ शंभर रुबलांचा घोडा होता आणि वाटेत सह्याद्री होता, हे लक्षात घेतले म्हणजे चोवीस दिवसांची चेष्टा करवत नाही.

जुन्नरचे चार महिने, जुन्नरचे चार दिवस

जुन्नरला पोचतो न पोचतो तोच, त्याच्या शब्दांत, हिवाळा सुरू झाला. जूनमध्ये हिवाळा कसा? त्याचे वर्णन वाचले की उलगडा होतो. चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल. हा आपला पावसाळा! ज्या ऋतूत माणूस घरात अडकून पडतो तो हिवाळा, अशी त्याची रशियन समजूत. मात्र याच ‘हिवाळ्यात’ लोक नांगरतात आणि पेरतात हे पाहून तो चकित झाला आणि त्याने पिकांची यादी लिहून ठेवली. ऋतूचे नाव चुकले, पण ऋतूचे काम बरोबर टिपले. जुन्नरचा डोंगरी किल्ला कोणा माणसाने बांधला नसून देवानेच घडवला आहे, वर जायला अख्खा दिवस लागतो आणि वाटेवर दोघांना शेजारून जाता येत नाही, असेही त्याने लिहिले आहे. सह्याद्रीतले किल्ले चढणाऱ्या आपल्या गिरिभ्रमण मंडळाच्या सभासदांना यात फारशी अतिशयोक्ती वाटणार नाही.

घोड्याची बडदास्तही त्याने लिहिली आहे. येथे घोड्याला हरभरे चारतात, आणि साखर-लोणी घालून खिचडी शिजवून देतात. लुटला गेलेला, कर्जात असलेला मालक काय खात होता हे तो सांगत नाही. घोडा खिचडी खात होता.

आणि मग तो घोडा गेला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो काढून घेतला. घोड्याचा मालक मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे हे त्याला कळले होते. त्याने निकितिनपुढे पर्याय ठेवला. धर्म बदल, तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही बदललास, तर घोडा जाईल आणि हजार मोहरा तुझ्याकडून वसूल होतील. मुदत चार दिवस.

वहीतला हा भाग वाचताना हसू मावळते. आजवर लूट झाली ती मालाची. आता मागणी होती ती माणसाचीच. पाठीशी राजा नाही, बरोबर शिपाई नाहीत, ओळखीचे कोणी नाही. त्वेरच्या राजाची परवानगी घेऊन तो घरून निघाला होता, पण जुन्नरात त्वेर हे नावही कोणी ऐकले नसेल. एकट्या प्रवाशाचे स्वातंत्र्य आपण मोठ्या कौतुकाने वर्णन करतो. त्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू अशी की त्याच्यासाठी रदबदली करायला कोणी नसते.

ऑगस्टमधल्या एका ख्रिस्ती सणाच्या आदल्या दिवशी खोरासानचा महंमद नावाचा एक गृहस्थ जुन्नरला आला. निकितिनने त्याचे पाय धरले. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, धर्मांतराची अट रद्द करून घेतली आणि घोडाही सोडवून आणला. निकितिनने याला देवाची कृपा म्हटले. ती असेलही, पण ती एका मुसलमान सज्जनाच्या रूपाने आली, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

सुटका झाल्यावर त्याचा राग उफाळून आला. हिंदुस्थानात यायचे असेल त्याने आपला धर्म रशियातच ठेवून यावे, असा कडवट सल्ला तो देशबांधवांना देतो. होर्मुझच्या व्यापाऱ्यांना तो शिव्या घालतो. माल भरपूर म्हणाले आणि आमच्या देशाच्या उपयोगाचे काहीच नाही! मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण आम्हाला जकातीची माफी नाही, आणि समुद्रावर चाचे फार. व्यापारी या नात्याने त्याचा हिंदुस्थानचा प्रवास येथेच संपला, असे म्हणायला हरकत नाही. पुढे बीदरला त्याने घोडा विकला. किती किमतीला, ते लिहीत नाही. वर्षभर खाऊ घातला त्याचा खर्च मात्र अडुसष्ट नाणी, असा टिपून ठेवला आहे. खर्च लिहायचा आणि विक्री लिहायची नाही, यावरून नफ्याची कल्पना वाचकाने करावी!

पाहिलेले, ऐकलेले आणि सोसलेले

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. या वहीतल्या नोंदींचे तीन ढीग करता येतात.

पहिला ढीग ऐकलेल्या गोष्टींचा. गुकुक नावाचा एक पक्षी रात्री उडतो आणि गुक-गुक असा ओरडतो. ज्या घरावर बसेल त्या घरात माणूस मरतो, आणि त्याला कोणी मारू गेले तर त्याच्या तोंडातून आग निघते. माकडांचा एक राजा आहे, त्याच्यापाशी सैन्य आहे. माकडांना कोणी छळले तर ती राजाकडे फिर्याद करतात. या गोष्टींवरून निकितिन भाबडा होता असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण गुकुक म्हणजे आपले घुबड, हे ओळखायला वेळ लागत नाही. घुबड घरावर बसले की आजही पुष्कळ घरांत काळजी सुरू होते. माकडांच्या राजाच्या मागे रामकथा आहे हेही उघड आहे. म्हणजे प्राणिशास्त्र म्हणून या नोंदी निरुपयोगी, पण त्या काळी सराईत आणि बाजारात कोणत्या गोष्टी सांगितल्या जात होत्या याचा पुरावा म्हणून मोलाच्या.

दुसरा ढीग पाहिलेल्या गोष्टींचा. येथेही सावध राहावे लागते. सराईतल्या बायकांच्या वागण्यावरून त्याने देशातल्या स्त्रियांविषयी जी विधाने केली आहेत ती एका सराईवरून साऱ्या मुलखाला लावलेला निष्कर्ष होय. असे निष्कर्ष प्रवासी आजही काढतात. परंतु बीदरचे त्याचे वर्णन पाहा. सुलतानाची मिरवणूक, चिलखत घातलेले हत्ती, वाजंत्री, सोने हे सारे त्याने पाहिले आणि आनंदाने मोजले. मग तेथेच एक साधी नोंद केली की देशात लोक फार आहेत, खेड्यातला माणूस अतिशय गरीब आहे आणि सरदार मात्र ऐश्वर्यात लोळतात. त्यांना चांदीच्या पलंगांवरून वाहून नेतात. ही बहमनी राज्याच्या भरभराटीची वर्षे होती. महमूद गावान हा कर्तबगार वजीर कारभार पाहत होता. बीदरचा त्याचा प्रसिद्ध मदरसा १४७२ चा. राजाच्या पाहुण्याला हत्ती दिसले असते. पायी चालणाऱ्या, तोट्यात आलेल्या माणसाला हत्तीही दिसले आणि खेडेही दिसले.

तिसरा ढीग सोसलेल्या गोष्टींचा, आणि माझ्या मते तोच वहीचा कणा आहे. जकात, लूट, खानाची धमकी, पावसात काढलेले दिवस, घोड्याचा खर्च या नोंदींत फुशारकीला जागाच नाही. आपली फसवणूक झाली हे लिहून कोणाला मोठेपणा मिळत नाही. स्वतःच्या तोट्याविषयी जो माणूस इतके सरळ लिहितो, त्याने इतर गोष्टी मुद्दाम फुगवल्या नसाव्यात असा विश्वास वाटू लागतो. चूक तो करतो, पण बनाव करीत नाही.

खरे नाव सांगितल्यावर

बीदरला एक वेगळीच गोष्ट घडली. प्रवासात तो ख्वाजा युसूफ खोरासानी या नावाने वावरत होता. एकट्या परक्याला हे नाव सोयीचे होते. येथे त्याची पुष्कळ हिंदूंशी ओळख झाली, आणि त्यांना त्याने सांगून टाकले की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. माझे नाव अफनासी. तेव्हापासून, तो म्हणतो, त्यांनी माझ्यापासून काही लपवले नाही. खाणेपिणे, व्यापार, पूजा, घरची बायकामाणसे, कशाचाही आडपडदा राहिला नाही.

यानंतरच्या नोंदी बारकाईने पाहाव्यात. आधीची विस्मयाची वाक्ये कमी होतात आणि माहितीची वाढतात. येथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर खातपीत नाही, लग्न करीत नाही. दिवसातून दोनदा जेवतात, उजव्या हाताने जेवतात. परक्याची नजर अन्नावर पडू नये म्हणून वस्त्र आड धरतात. चौऱ्याऐंशी हा आकडा आपल्याकडच्या ऐकीव आकड्यांपैकी आहे हे खरे. परंतु जातिभेदाचे मर्म रोटीबेटीव्यवहारात आहे, हे पाच शतकांपूर्वी एका परक्या व्यापाऱ्याने ओळखावे ही साधी गोष्ट नव्हे. आणि हे वाचताना आपल्याला थोडे खजील व्हायला होते, तेही योग्यच आहे.

या मंडळींबरोबर तो महाशिवरात्रीच्या यात्रेला पर्वताला, म्हणजे श्रीशैलला गेला. महिनाभराची वाट. हे यांचे जेरुसलेम, असे त्याने आपल्या वाचकांना समजेल अशा भाषेत सांगितले. देवळाचा आवार अर्ध्या त्वेरएवढा मोठा आहे असे तो म्हणतो. दगडात कोरलेली एक मूर्ती पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलमधल्या जस्टिनियन बादशहाच्या पुतळ्याची आठवण झाली. तसाच उजवा हात उंच उचललेला, पण मुख वानराचे आणि मागे शेपूट. काळ्या दगडाचा भव्य नंदी त्याने पाहिला, डोकी मुंडणारे यात्रेकरू पाहिले, आणि दरडोई कर घेतला जातो हेही टिपायला तो विसरला नाही. व्यापाऱ्याची नजर देवळातही जागी होती. पण या वर्णनात चेष्टा नाही. जुन्नरला ज्याच्या धर्मावर घाला आला होता, त्याने दुसऱ्याच्या धर्माविषयी आदराने लिहिले.

हरवलेले पंचांग

त्याचे सर्वांत मोठे दुःख मात्र घोड्याचे नव्हते. अस्त्रखानच्या लुटीत मालाबरोबर त्याच्या धर्मपुस्तकांचीही लूट झाली होती. त्या पुस्तकांवरूनच ईस्टर केव्हा, उपवास केव्हा हे कळायचे. पुस्तके गेली आणि सणवार गेले. कोणता वार आहे, कोणता सण आहे हे त्याला कळेनासे झाले. मग तो मुसलमानांच्या उपवासाच्या दिवसांत उपवास करू लागला आणि ईस्टरचा दिवस अंदाजाने धरू लागला. बीदरला पहाटे उठून त्याने आकाशाकडे पाहिले. कृत्तिका उगवतीच्या उजेडात शिरल्या होत्या, सप्तर्षींचे तोंड पूर्वेकडे होते. तेवढ्यावरून सण आला असे त्याने ठरवले.

परदेशात राहिलेल्या कोणालाही ही अवस्था समजेल. घरापासून दूर गेलेला माणूस आधी चव विसरतो, मग तिथी विसरतो, आणि एके दिवशी आपण कोण हे विसरू की काय अशी भीती त्याला वाटू लागते. निकितिनच्या वहीत ही भीती भाषेतही उतरली आहे. रशियन लिहिता लिहिता तो मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्दांची मिसळ करू लागतो. काही गोष्टी तर मुद्दामच त्या भाषेत लिहिलेल्या दिसतात. रशियासारखा देश नाही, तेथले सरदार न्यायी नसले तरी, अशा अर्थाचा उद्गार त्याने रशियनमध्ये न लिहिता तुर्की मिसळीत लिहिला. घरी परतल्यावर वही कोणाच्या हाती पडेल याचा त्याने विचार केला असावा. शेवटची प्रार्थनाही मुसलमानी धाटणीच्या शब्दांत आहे. त्यावरून त्याने धर्म बदलला होता काय, असा वाद अभ्यासकांत झाला आहे. मला या वादात पडावेसे वाटत नाही. चार दिवसांच्या मुदतीत ज्याने होय म्हटले नाही, त्याच्या ओठी पुढे परके शब्द रुळले असतील तर त्याचा दोष प्रवासाच्या लांबीला द्यावा.

परतीची वाट

पाचवा ईस्टर आला तेव्हा त्याने परतायचे ठरवले. दाभोळला येऊन होर्मुझपर्यंतचे दोन मोहरा भाडे ठरवून तो जहाजात बसला. महिनाभर जमीन दिसली नाही. दुसऱ्या महिन्यात डोंगर दिसले तेव्हा उतारू आनंदण्याऐवजी आकांत करू लागले. कारण ते डोंगर हबसाणचे, म्हणजे आफ्रिकेचे होते. तेथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून जहाज लुटीतून वाचवले. अखेर मस्कत, होर्मुझ, इराण करीत तो काळ्या समुद्रावरच्या त्रेबिझोंदला पोचला. घर आता एका समुद्रापलीकडे होते. तेथे अधिकाऱ्यांना तो हेर वाटला, कारण तो तुर्कांचा शत्रू उझून हसन याच्या छावणीवरून आला होता. चोरटी पत्रे शोधण्याच्या निमित्ताने त्यांनी त्याचे सामान उलथेपालथे केले आणि जे चांगले होते ते नेले. पत्र काही सापडले नाही. वही सापडली असली तरी तिची किंमत त्यांना वाटली नसावी.

वादळांनी जहाज पुन्हा पुन्हा मागे लोटले. तरी तो क्राइमियाच्या किनाऱ्यावर, काफा बंदरात उतरला. येथे वही संपते. तो स्मोलेन्स्कला पोचण्यापूर्वीच वारला, एवढेच इतिवृत्तात नमूद आहे. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणून राजाचा कारभारी वासिली मामिरेव्ह याच्या स्वाधीन केल्या. इतिवृत्तात ही नोंद १४७५ सालच्या मजकुरात आहे. पुढे त्या तेथेच पडून राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन याने त्या उजेडात आणल्या.

निकितिनचा प्रवास फसला, हे त्याने स्वतःच इतक्या वेळा सांगितले आहे की आपण वेगळे म्हणण्याचे कारण नाही. माल गेला, घोड्याचा नफा झाला नाही, पंचांग हरवले, घर दिसले नाही. आपल्या दृष्टीने मात्र त्या फसण्यातच वहीचे मोल आहे. व्यापार जमला असता तर तो पावसाळ्याच्या आत माल भरून निघून गेला असता, आणि जुन्नरचा चिखल, घोड्याची खिचडी, श्रीशैलची यात्रा यांपैकी काहीच लिहिले गेले नसते.

हा लेख वाचून कोणी चौलला किंवा जुन्नरला जाईल तर त्याने एवढे अवश्य करावे. तेथे एखादा परका प्रवासी कॅमेरा घेऊन, गोंधळलेल्या चेहऱ्याने उभा दिसला तर त्याच्याभोवती घोळका करण्याऐवजी त्याचे नाव विचारावे. तो आपल्याविषयी घरी काय लिहिणार आहे, हे पुष्कळदा त्या एका प्रश्नावर ठरते. बीदरच्या लोकांनी निकितिनचे खरे नाव ऐकून घेतले, म्हणून आज आपल्याला त्यांच्या पंक्तीचे, बाजाराचे आणि यात्रेचे वर्णन वाचायला मिळते.